पायाळू बाळ म्हणजे सिझरच? एका अभ्यासावर किती विसंबायचं?

मुक्कामपोस्ट
वहिनीला सदतिसावा आठवडा लागलाय. सोनोग्राफीत बाळ पायाळू निघालं, म्हणजे डोकं वर आणि पाय किंवा कुल्ले खाली. डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट बघताक्षणी सांगितलं, "सिझरची तारीख घेऊन ठेवा." आजीचं म्हणणं, "माझा थोरला पायाळूच, घरीच झाला." (थोरला म्हणजे आमचे बाबा. उसण भरली की गल्लीतले लोक अजून त्यांच्याकडून पाठीत लाथ मारून घ्यायला येतात.)

थोडं वाचलं. हे सरसकट सिझर जगभर वाढलं ते २००० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या 'टर्म ब्रीच ट्रायल'नंतर. २६ देशांतल्या २,०८८ बायका. कुणाचं सिझर ठरवायचं आणि कुणाचं नॉर्मल, हे चिठ्ठी टाकावी तसं. बाळ दगावणं किंवा गंभीर इजा होणं सिझरच्या गटात १.६ टक्के, नॉर्मलच्या गटात ५ टक्के. पण दोन वर्षांनी मुलं तपासली तर दोन्ही गटांत फरकच उरला नव्हता! मग एका अभ्यासापायी आख्खी विद्या मोडीत काढायची? मला नाही पटत.

डॉ_तालुका
दोन वर्षांनंतरचा आकडा जपून वापरा. ती तपासणी ९२३ मुलांचीच होती, सगळ्यांची नाही.

आता आमची बाजू. बाळाचं सगळ्यात मोठं म्हणजे डोकं, आणि पायाळूत तेच शेवटी येतं. अंग बाहेर, डोकं आत, नाळ दाबलेली, आणि हातात मोजकी मिनिटं. रात्रीचे अडीच, भूलतज्ज्ञ वीस किलोमीटरवर, बाहेर व्हरांड्यात चाळीस नातेवाईक. मी दिवसाउजेडी सिझर करते आणि शांत झोपते.

चष्मिष्ट
डॉक्टर, फ्रान्स-बेल्जियमचा २००६ चा 'प्रेमोडा' अभ्यास विसरलात. १७४ रुग्णालयं, ८,१०५ बायका. नॉर्मलचा प्रयत्न ठरवलेल्या २,५२६ जणींत बाळांना धोका १.६ टक्के, सिझरवाल्यांत १.४५. म्हणजे जवळपास सारखाच. नॉर्मल ठरवलेल्या शंभरातल्या ७१ जणी नॉर्मलच सुटल्या.

डॉ_तालुका
विसरले नाही. तिथे चिठ्ठ्या नव्हत्या, बायका पारखून घेतल्या होत्या. शिवाय तिथल्या डॉक्टरांचा हात या कामाला सरावलेला. माझ्या बॅचमधल्या कितीजणींनी पायाळू बाळंतपण स्वतः केलंय विचारा.

चष्मिष्ट
अहो, मी तेच म्हणतोय! करायचंच नाही म्हटल्यावर शिकणार कुठून? एखादी बाई पूर्ण कळांत, बाळाचे पाय बाहेर अशी दारात आली, तर तेव्हा सिझरची तारीख देणार?

डॉ_तालुका
हा मुद्दा मान्य. पण त्यासाठी पुतळ्यावर सराव करा, कुणाच्या वहिनीवर नको.

माहेरवाशीण
आकडे तुमचे तुम्ही बघा. माझं पहिलं सिझर पायाळू म्हणूनच झालं. मुलगी ठणठणीत. दुसऱ्या खेपेला वार (प्लॅसेंटा) जुन्या टाक्यांवर रुतून बसली, सुटेचना. सात बाटल्या रक्त चढवलं, पिशवी काढावी लागली. पहिल्या सिझरच्या वेळी त्या डॉक्टरांनी पुढच्या बाळंतपणाचा 'प' काढला नव्हता. सिझर नको होतं असं नाही म्हणत. पण मला दोनतीन मुलं हवी होती, हे कुणी विचारलं तरी का?

डॉ_तालुका
वाईट वाटलं, ताई. विचारायला हवं होतं.

रिकामटेकडा
पायाळू माणसावर वीज पडते म्हणे. बाबांना पावसात सोडू नका.

कोकणी_आत्या
गप रे. मुक्कामपोस्ट, बाहेरून पोटावर हात ठेवून बाळ फिरवून देतात, त्याबद्दल कुणी बोललं का? साधारण निम्म्या जणींत बाळ फिरतं. माझ्या सुनेचं फिरलं, मग नॉर्मल झाली.

डॉ_तालुका
बरोबर, आधी ते विचारा. फक्त रुग्णालयात, बाळाचे ठोके बघत, सिझरची तयारी ठेवून. पाणी कमी असेल किंवा वार खाली असेल तर नाही.

मुक्कामपोस्ट
हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. गुरुवारी दाखवायला जायचंय, तेव्हा विचारतो. नाही फिरलं तर घेऊ तारीख. पण आजीने पोट 'सरळ करायला' मालीशवालीला सांगावा धाडलाय, आधी तिला दारातूनच परत पाठवतो.