सीआरई पॉइंट (नोंदणी टिकवायला लागणारे ट्रेनिंगचे गुण) होतात, पण ० ते ६ वर्षांच्या दिव्यांग मुलांसाठी कामाचं ट्रेनिंग कुठे मिळतं?

मृणाल_एसई
नमस्कार. स्पेशल एज्युकेटर आहे, स्पेशल एज्युकेशनचं डी.एड. केलं त्याला नऊ वर्षं झाली, आता अर्ली इंटरव्हेन्शन सेंटरला (दिव्यांग मुलांना लहानपणीच मदत देणारं केंद्र) दीड ते पाच वर्षांची मुलं बघते. पुढच्या वर्षी सीआरआरचं (आरसीआय म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेकडच्या नोंदणीचं) दुसरं रिन्यूअल, पाच वर्षांत १०० सीआरई पॉइंट लागतात ते होतील, अडचण ती नाहीये. डी.एड.ला सगळा भर शाळेत जाणाऱ्या मुलांवर होता आणि इथे दोन वर्षांचं लेकरू, एका जागी बसत नाही, हातात दिलं ते फेकतं, आणि शेजारी आई विचारते ताई बोलेल ना हा? ऑनलाइन सेशनमधे २०१६ च्या कायद्यातले दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मी चार वेळा ऐकलेत पण त्या आईशी काय बोलायचं हे कोणीच शिकवलं नाही. तुम्ही कुठे शिकलात?

वैशाली_पुणे
मृणाल, खरं सांगू, मी सगळ्यात जास्त शिकले ते स्वतःचा व्हिडिओ बघून. आम्ही चौघी दर शुक्रवारी दुपारी बसतो, एकीचं दहा मिनिटांचं सेशन, आईवडिलांची लेखी परवानगी घेऊनच शूट केलेलं, आणि तेवढंच बघतो. पहिल्यांदा माझं बघितलं तेव्हा कळलं की मी एका चेंडूसाठी "हे काय? हे काय?" करत सुटले होते आणि मुलाला उत्तर द्यायला दोन सेकंदसुद्धा दिले नव्हते. त्यानंतर मनात पाच आकडे मोजून मगच बोलायचं ठरवलं, तिसऱ्या आठवड्यात त्याने चेंडूकडे बघून मग माझ्याकडे बघितलं. याचे पॉइंट मिळत नाहीत पण माझं काम याच्यानेच बदललं.

स्पीच_नवीमुंबई
वैशालीताईंशी सहमत, पण बाहेरचंही बघ. बांद्र्याची अली यावर जंग संस्था (ऐकण्या-बोलण्याच्या दिव्यांगत्वासाठीची) आणि एनआयईपीआयडीचं (बौद्धिक दिव्यांगांसाठीची राष्ट्रीय संस्था) नवी मुंबईचं केंद्र, दोन्हीकडे सीआरई होतात. मुंबईत उम्मीद ही संस्था २००१ पासून याच क्षेत्रात आहे, तेही ट्रेनिंग घेतात. फी भरायच्या आधी आरसीआयची मान्यता आहे का बघ आणि फोन करून एकच विचार, मुलांसोबत प्रत्यक्ष काम करायला मिळणार का आणि ते कोणी बघून सांगणार का. नुसती लेक्चर असतील तर पॉइंटपुरतं कर.

पर्यवेक्षिका_सातारा
मी अंगणवाडीची पर्यवेक्षिका. नोव्हेंबर २०२३ मधे दिव्यांग मुलांसाठीचा अंगणवाडी प्रोटोकॉल आला, आरबीएसकेची (मुलांच्या सरकारी आरोग्य तपासणीची) टीम वर्षातून दोनदा तपासायला येते, असं मूल सापडलं की डीईआयसीला (जिल्ह्याच्या अर्ली इंटरव्हेन्शन सेंटरला) पाठवायचं हे सेविकांना माहीत आहे. पण डीईआयसी जिल्ह्याच्या गावाला, आईची मजुरी बुडते, दोन फेऱ्यांनंतर ती जात नाही आणि मूल परत अंगणवाडीतच बसतं. त्या मुलाला आहाराच्या वेळी, गाण्याच्या वेळी कसं सामील करून घ्यायचं हे सेविकेला कोणीतरी शेजारी बसून दाखवायला हवं. तुमच्यासारख्या ताई बीटच्या (माझ्याकडच्या अंगणवाड्यांच्या गटाच्या) मासिक मीटिंगला अर्धा तास जरी आल्या तरी मी सगळ्या सेविकांना बसवते.

मृणाल_एसई
@पर्यवेक्षिका_सातारा मॅडम, मी कराडलाच असते! मीटिंगपेक्षा एखाद्या अंगणवाडीत आहाराच्या वेळीच येऊ का? उसळ वाटताना, हात धुताना सेविका काय करते ते आधी बघते, मग दोघी मिळून करून बघू. वैशालीताई, परवानगीचं पत्र तुम्ही कसं लिहिता ते इथे टाकाल का, आमच्या इथल्या आयांना समजेल अशा भाषेतलं हवंय.