'राष्ट्रीय साहित्य' आणि 'योगदान' : पाटीवर काय लिहायचे?

मांडवीकाठ :
पणजीतल्या एका ग्रंथप्रदर्शनाच्या पाट्या मराठीत करायच्या आहेत. मूळ मजकूर इंग्रजी. त्यातल्या 'नॅशनल लिटरेचर' आणि 'काँट्रिब्यूशन' या दोन शब्दांवर गाडी अडली आहे. मी लिहिले, 'राष्ट्रीय साहित्यात योगदान देणारे गोमंतकीय साहित्यिक'. तपासणाऱ्याने लाल खुणा करून परत पाठवले. 'राष्ट्रीय' चूक, 'योगदान' हिंदी, आणि 'साहित्य', 'साहित्यिक' एकाच ओळीत दोनदा. तिसरे मान्य, पहिली दोन पटत नाहीत.

पाटीवरची नावे : बा. भ. बोरकर, महादेवशास्त्री जोशी, रवींद्र केळेकर, दामोदर मावजो, फ्रान्सिस्को लुईस गोमिश, ओर्लांदो द कॉश्ता. मथळ्याच्या पट्टीत मोकळ्या जागा धरून पंचवीस अक्षरे बसतात, माझी अठ्ठावीस होतात. लांब झाले की छपाईवाला अक्षर दाबून अरुंद करतो, मग 'राष्ट्रीय'मधला 'ष्ट्री' चार हातांवरून नुसता काळा डाग दिसतो.

मुद्रितशोधक :
खूण बरोबर आहे, कारण लिहायला हवे होते. 'राष्ट्रीय' हे विशेषण मराठीत टिळकांच्या काळात एका ठरावीक अर्थाने रुळले. राष्ट्रीय शाळा, राष्ट्रीय मेळे, राष्ट्रीय कीर्तन. राष्ट्रीय कीर्तन म्हणजे सगळ्या राष्ट्राचे कीर्तन नव्हे. उत्तररंगात पौराणिक कथेऐवजी शिवाजी महाराजांचे किंवा क्रांतिकारकांचे आख्यान लावणारे, देशभक्ती चेतवणारे कीर्तन. त्याच चालीने 'राष्ट्रीय साहित्य' वाचले की स्फूर्तिगीते आठवतात. बोरकरांचा 'सासाय' हा कवितासंग्रह त्यात कुठे बसवणार? स्वातंत्र्यानंतर या शब्दाला सरकारी वास लागला : राष्ट्रीय महामार्ग, राष्ट्रीयीकृत बँक. म्हणजे वाचणारा एकतर पोवाडे समजेल, नाहीतर शासकीय प्रकाशने.

'भारतीय साहित्य' लिहा आणि मोकळे व्हा. बोरकरांच्या चौकटीत भाषा 'मराठी व कोकणी' अशी द्या. निम्म्या ठिकाणी नुसते 'मराठी कवी' छापतात आणि खाली साहित्य अकादेमी पुरस्कार १९८१ टाकतात. तो पुरस्कार कोकणी 'सासाय'साठी आहे. केळेकरांचा ज्ञानपीठ २००६ सालचा, प्रत्यक्ष प्रदान झाला २०१० मध्ये. 'सालचा' हा शब्द गाळू नका, नाहीतर कोणीतरी येऊन वर्ष चुकले म्हणून भांडेल.

सासष्टी :
मुद्रितशोधकबाब, 'भारतीय' म्हटल्यावर सहांतली दोन नावे लटकतात त्याचे काय? गोमिश नावेलीचे, १८२९ सालचे. 'उश ब्राह्मनिश' ही त्यांची कादंबरी १८६६ ची. कथा घडते अवधातल्या फैजाबादेत, भाषा पोर्तुगीज, लेखक लिस्बनच्या संसदेत गोव्याचा प्रतिनिधी. ओर्लांदो द कॉश्ता मोझांबिकमध्ये जन्मले, मडगावात वाढले, लिस्बनला स्थायिक झाले. १९६१ ची त्यांची कादंबरी गोव्यातल्या शेतमजुरांवर आहे आणि ती पोर्तुगालच्या साहित्यात मोजतात. मूळ इंग्रजीत 'एखाद्या देशाचे' असेल तर ते सोयीचे होते, कोणता देश ते उघडे राहते. 'भारतीय' लिहून तुम्ही दार लावून घेतले.

आणि गोव्यापुरते बोलायचे तर 'राष्ट्रीय' शब्दाला टिळकांआधी दुसराच मालक होता. पणजीच्या सरकारी छापखान्याचे नावच 'इंप्रेन्सा नासियोनाल'. फादर स्टीफन्स या इंग्रज मिशनऱ्याचे कोकणी व्याकरण कुन्य रिव्हारा या पोर्तुगीज अधिकाऱ्याने १८५७ साली तिथूनच पुन्हा छापले. त्या 'नासियोनाल'मधले राष्ट्र लिस्बनचे. जुन्या ग्रंथांच्या मुखपृष्ठावरचे हे नाव कोणी 'राष्ट्रीय मुद्रणालय' असे मराठी करतात. वाचणाऱ्याला वाटते स्वातंत्र्यसैनिकांचा गुप्त छापखाना! 'सरकारी छापखाना' म्हणावे, तेच खरे.

कुळागर :
'राष्ट्रीय'वर बोलून झाले असेल तर 'योगदान'कडे वळा. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात (८.१६५) 'योगदान' आहे आणि अर्थ आहे कपटाने दिलेले दान. 'योग' म्हणजे तिथे छळकपट. गहाण, विक्री, दान, प्रतिग्रह, जिथे असे कपट दिसेल तो व्यवहार राजाने रद्द करावा असा तो श्लोक. आता लिहा, बोरकरांचे योगदान.

मांडवीकाठ :
हे काही खरे नाही. मनूच्या अर्थाने आज कोण वाचतो? 'साहस' म्हणजे धर्मशास्त्रात बळजबरीचा गुन्हा, म्हणून आपण साहसी मुलांचे कौतुक थांबवतो काय?

कुळागर :
थांबवत नाही. पण 'साहस' मराठीत मुरला, 'योगदान' अजून मुरला नाही, आणि त्याचा पुरावा विभक्तीत आहे. 'साहित्यात योगदान', 'साहित्याला योगदान', 'साहित्यासाठी योगदान', तिन्ही छापून येतात आणि कोणालाच खात्री नाही. घरचा शब्द असा डगमगत नाही. हातभार लावायचा तो कामाला, भर घालायची ती साहित्यात. इथे कोणी चुकत नाही.

रेइश मागूस :
मग 'हातभार' घ्या. सावरकरांच्या 'महापौर', 'दिनांक'लाही लोक आधी हसले होते, हा तर आपलाच शब्द आहे.

कुळागर :
हातभार लावतात तो दुसऱ्याचे ओझे डोक्यावर चढवताना. ओझे त्याचे, हात आपला. सत्तरी तालुक्यातल्या आंबेड्याचा माणूस, महादेवशास्त्री जोशी, दहा खंडांचा भारतीय संस्कृतिकोश संपादून पुरा करतो आणि आपण म्हणायचे, त्यांनी हातभार लावला? आभारपत्रात चालेल, की मंडप घालायला शेजाऱ्यांचा हातभार लागला. 'वाटा'चेही तेच, लगेच खार आठवते.

'भर'मध्ये मात्र एक खोच आहे. 'घालणे' लावले तर चांगली, 'पडणे' लावले तर बहुधा वाईट : आधीच उशीर, त्यात पावसाची भर पडली. त्यामुळे 'साहित्यात भर पडली' लिहायचे तर आधी 'मोलाची' हवेच. 'भर घालणारे'ला ते लागत नाही.

घाटमाथा (सोलापूर) :
एवढा काथ्याकूट कशाला? 'देशी साहित्य' म्हणा. देशाचे ते देशी.

रेइश मागूस :
दादा, खाली कोकणात आणि गोव्यात 'देश' म्हणजे तुमचा घाटावरचा मुलूख. देशावरचा कांदा, देशावरून आलेला माणूस. 'देशी साहित्यातले गोमंतकीय' वाचून वाटेल की हे सगळे साताऱ्याला जाऊन लिहीत बसले. शिवाय 'देशीवाद' हा शब्द समीक्षेत आधीच एका भूमिकेसाठी अडकलेला आहे. आणि बाटलीवरचे 'देशी' वेगळेच.

घाटमाथा (सोलापूर) :
बाटलीचे गोव्याने शिकवू नये! पण मग 'राष्ट्रकवी' कसा चालतो? तिथे देशभक्ती हाच अर्थ असेल तर बोरकरांनाही लावता येईल.

सासष्टी :
एकाच शब्दाचे तीन उपयोग आहेत, मिसळू नका. हिंदीत मैथिलीशरण गुप्तांना तो लावतात, तिथे राष्ट्रीय चळवळीचा संबंध सरळ आहे. कन्नडमध्ये ती सरकारने द्यायची पदवी : मंजेश्वरच्या गोविंद पैंना मद्रास सरकारने १९४९ साली दिली, नंतर १९६४ मध्ये कुवेंपूंना. पैंच्या घरची भाषा कोकणी, पदवी कन्नड कवितेसाठी. आणि पोर्तुगीजांचा महाकवी कामोंइश. त्याच्या मृत्यूचा दिवस, १० जून, हाच पोर्तुगालचा राष्ट्रीय दिवस. तोही गोव्यात राहून गेलेला. त्याचा ब्राँझचा पुतळा आता जुन्या गोव्याच्या संग्रहालयात आहे. या तिघांपैकी कोणता अर्थ बोरकरांना लावायचा ते आधी ठरवा. मला एकही लागू दिसत नाही.

डिचोली बाजार :
मुळात पाटीवर फादर स्टीफन्स का नाहीत? १६१६ साली राशोलला ख्रिस्तपुराण छापले, ओव्या अकरा हजारांच्या आसपास. माणूस इंग्रज, राज्य पोर्तुगीजांचे, भाषा मराठी, लिपी रोमन. 'राष्ट्रीय'चा गोंधळ दाखवायला याहून चांगला दाखला नाही. मथळ्याखाली त्यांचीच ओवी टाका :

जैसी हरळांमाजी रत्नकिळा । कीं रत्नांमाजी हिरा निळा ।
तैसी भासांमाजी चोखळा । भासा मराठी ॥

रेइश मागूस :
टाका, पण खाली अर्थ देताना 'हरळी गवतात रत्न' असे लिहू नका. इथे हरळ म्हणजे बारीक खडा. तांदूळ निवडताना दाताखाली येऊ नये म्हणून काढतो तसला. खड्यांमध्ये रत्नाची झळाळी, अशी ती उपमा. गवत धरले की ओवीच मोडते.

डिचोली बाजार :
आणि 'हिरा निळा'? निळ्या रंगाचा हिरा, की हिरा आणि नीळ अशी दोन रत्ने?

रेइश मागूस :
दोन रत्ने धरली तर 'कीं' दोनदा हवा होता. मला निळसर झाक मारणारा हिरा वाटतो.

कुळागर :
ओवीत 'कीं' मोजायला लागलात तर एकही ओवी शिल्लक राहणार नाही. आणि ती मूळ आवृत्ती कोणाच्या हाती आहे? १६१६, १६४९, १६५४, तिन्ही छापील आवृत्त्यांची प्रत उरलेली नाही. आपण वाचतो ते हस्तलिखितांवरून छापलेले, १९०७ च्या मंगळुरी आवृत्तीपासून पुढचे. 'भासा'चा 'भाषा' करून टाकणारेही आहेत, ते तेवढे करू नका.

मांडवीकाठ :
मंडळी, पट्टी शुक्रवारी छापायला जाते. 'भारतीय साहित्यात भर घालणारे गोमंतकीय', जागा धरून तेवीस अक्षरे, बसते. पण सासष्टीबाबांच्या दोन नावांचे काय करू? वेगळ्या पाटीवर न्यायची, की 'भारतीय' काढून नुसते 'साहित्यात भर घालणारे' ठेवायचे? ते उघडेबोडके दिसते.

मुद्रितशोधक :
न्या वेगळ्या पाटीवर. कॉश्तांना तर निदान न्याच.

सासष्टी :
न्यायची असतील तर दोघांनाही न्या. आणि 'गोमिश' लिहू नका. तो लिस्बनचा उच्चार झाला. नावेलीत 'गोम्स' म्हणतात.

कुळागर :
मग कामोंइशला 'कामोंइश' का लिहिता?

सासष्टी :
तो नावेलीचा नव्हता.