फ्लुवॉक्सामीन सुरू असताना पाठदुखीची गोळी : सल्ला हवा आहे

नमस्कार. माझ्या धाकट्या भावाला (वय २९) ओसीडी, म्हणजे नको ते विचार येऊन त्याच त्या कृती पुन्हा पुन्हा कराव्या लागण्याचा मानसिक आजार आहे. बंद केलेला नळ पुन्हा उघडून तीनदा बंद करणे आणि पेरांना चिरा पडेपर्यंत हात धुणे दोन वर्षे चालले होते. मानसोपचारतज्ज्ञांनी त्यावर फ्लुवॉक्सामीन हे औषध ५० मिलिग्रॅमपासून सुरू केले, आता १५० आहे. या आजारात गुण यायला आठ ते बारा आठवडे लागतात, हे त्यांनी आधीच सांगितल्यामुळे आम्ही धीर धरला. सध्या नववा आठवडा सुरू असून परवा तो प्रथमच एकदाच हात धुऊन पानावर बसला. आईने मुद्दामच तिकडे पाहिले नाही.

अडचण वेगळीच आहे. पाठीत उसण भरली म्हणून तो एकटाच अस्थिरोगतज्ज्ञांकडे गेला आणि संकोचापोटी चालू औषधाविषयी बोललाच नाही. स्ट्रिपमागची बारीक अक्षरे मोबाइलवर मोठी करून वाचली, तेव्हा वेदनाशामकाच्या जोडीला टिझानिडीन (आखडलेले स्नायू सैल करणारे औषध) २ मिलिग्रॅम निघाले. फ्लुवॉक्सामीनमुळे यकृतात टिझानिडीनचा निचरा अडतो, त्याचे रक्तातले प्रमाण कित्येक पटींनी वाढते आणि रक्तदाब एकाएकी उतरू शकतो, म्हणून ही दोन औषधे एकत्र द्यायचीच नसतात. सुदैवाने त्याने एकही गोळी घेतलेली नव्हती. ती स्ट्रिप आता माझ्या कपाटात आहे.

वडिलांचे म्हणणे असे, की चार दिवस "डोक्याच्या गोळ्या" थांबवून आधी पाठ बरी करावी. हे औषध अचानक बंद केल्यास चक्कर, मळमळ, चिडचिड होऊ शकते, हे मी त्यांना सांगितले, पटले नाही.

मानसोपचारतज्ज्ञ पुढच्या आठवड्यापर्यंत बाहेरगावी आहेत. मेडिकलवाल्यांनी तोवर साधे पॅरासिटॅमॉल सुचवले आहे. इतर बऱ्याच वेदनाशामकांमुळे फ्लुवॉक्सामीनसोबत पोटात रक्तस्रावाचा धोका वाढतो आणि त्याला आधीच पित्ताचा त्रास आहे, तेव्हा अस्थिरोगतज्ज्ञांना फोन करून नेमके काय विचारावे? शिवाय तो दिवसाला पाच-सहा कप चहा पितो आणि रात्री दोनपर्यंत जागा असतो. कॅफिनचा निचराही हेच औषध मंदावते, त्यामुळे चहा कमी करून कोणाची झोप सुधारली असल्यास अनुभव कळवावा.

चालू औषधांची चिठ्ठी पाकिटात ठेव म्हटले, की तो "लोक वाचतील" म्हणून नकार देतो. आपल्या घरी हे कसे जमवले?