फातोर्ड्याचं स्टेडियम नक्की कुणाचं? आणि तिथं खरंच क्रिकेट व्हायचं काय?

टिळकवाडीचा_पोरगा
मंडळी एक डाउट हाय. गेल्या सीझनला आम्ही चौघं गाडी काढून बेळगावहून चोर्ला घाटानं मडगावला फातोर्ड्याच्या स्टेडियमवर एफसी गोवा या फुटबॉल क्लबची मॅच बघायला गेलतो, गोलच्या मागचं स्टँड मिळालं आणि तिथनं पलीकडचा गोलपोस्ट इतका लांब की तिकडं गोल झालेला पब्लिक उठून नाचायला लागल्यावर कळला. ग्राउंड लंबगोल आणि फुटबॉलची आखणी मधोमध, कडेनं नुसतं मोकळं गवत. घरी येऊन सांगितलं तर मामा म्हणायलाय मी तिथं सचिनला खेळताना बघितलंय. हे खरं की मामाची नेहमीची फेकाफेकी? आणि क्लबनं बांधलंय म्हणावं तर नाव नेहरूंचं कसं?

खानापूर_एक्सप्रेस
मामाला फेकू म्हणू नको बाळा, बरोबर सांगायलाय तो. ते १९८९ साली सुरू झालं तेच मुळी क्रिकेट आणि फुटबॉल दोन्हीसाठी, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नेहरू कपातली ऑस्ट्रेलिया-श्रीलंका वनडे तिथं झाली. तुला जे मोकळं गवत दिसलं ती क्रिकेटची बाउंड्री रे! मामा बहुतेक २००१ च्या एप्रिलमधल्या ऑस्ट्रेलियाच्या मॅचला गेला असणार, सिरीज दोन-दोन होती, लक्ष्मणनं १०१ मारले तरी आपण हरलो. त्या दिवशी बनावट तिकिटांचा एवढा घोळ झालता की खरी तिकिटं हातात असलेली माणसं गेटबाहेर राहिली, तेव्हा मामाला आधी विचार तो आत होता का बाहेर :)
नंतर २००६ ला इंग्लंडविरुद्ध युवराजचं शतक पण इथलंच. २०१० ला परत ऑस्ट्रेलिया आली आणि पावसानं एक बॉल पण पडू दिला नाही. त्यानंतर मोठं क्रिकेट तिथनं गेलंच.

शहापूरकर_जुना
क्लबनं बांधलं हे डोक्यातनं काढ. एफसी गोवा २०१४ चा, स्टेडियम १९८९ चं, क्लबपेक्षा पंचवीस वर्षांनी थोरलं. मालकी सरकारची, क्लब भाडेकरू. नाव पूर्ण पंडित जवाहरलाल नेहरू स्टेडियम, फातोर्डा हा मडगावचा भाग म्हणून सगळे तसंच म्हणतात.
आणि माझं स्पष्ट मत, त्या स्टेडियमचा खरा इतिहास आयएसएलच्या, म्हणजे एफसी गोवा खेळते त्या इंडियन सुपर लीगच्या आधीचा हाय. धेम्पो, साळगांवकर, चर्चिल, स्पोर्टिंग हे गोव्याचे जुने क्लब सगळे तिथं खेळून गेलेत. २००७-०८ पासनं २०१२-१३ पर्यंत सलग सहा वर्षं आय-लीगचा, म्हणजे तेव्हाच्या देशातल्या वरच्या लीगचा कप गोव्यातच राहिला, तीन वेळा धेम्पो, दोनदा चर्चिल, एकदा साळगांवकर. तेव्हा आम्ही लोंढ्यावरनं रेल्वेनं जायचो आणि साध्या मॅचला स्टँडमध्ये पाय पसरून बसायला जागा असायची, गर्दी झाली तर डर्बीलाच, म्हणजे गोव्यातलेच दोन क्लब भिडले की. आता ऑरेंज जर्सी घालून जी पोरं येतात त्यातल्या निम्म्यांना धेम्पो म्हणजे फक्त जहाजवाले वाटतात. २०१६ ला धेम्पो, साळगांवकर, स्पोर्टिंग तिघांनी आय-लीग सोडली तेव्हा कुणी हळहळलं पण नाही, हे मला अजून खटकतंय.

खानापूर_एक्सप्रेस
काका तुमचं पटतंय पण गर्दी आयएसएलनंच आणली की. २०१५ ची फायनल आठवा, ८७ व्या मिनिटाला जोफ्रेची फ्रीकिक, गोवा २-१, पब्लिक नाचायलंय, आणि मग ९० व्या मिनिटाला गोव्याचा गोलकीपर कट्टीमनीचा स्वतःच्याच जाळ्यात बॉल आणि एक्स्ट्रा टाइमात मेंडोझाचा गोल, चेन्नईयिन ३-२. कट्टीमनी हे आडनाव बघून आमच्या गल्लीत त्याला आपलाच माणूस म्हणायचे, त्या रात्री कुणी ओळख दाखवंना.

शहापूरकर_जुना
एक्स्ट्रा टाइम नव्हे मर्दा, इंज्युरी टाइम. बाकी बरोबर.

कॅम्पातली_मावशी
पोरांनो २०१७ चा सतरा वर्षांखालचा वर्ल्डकप विसरलात की. इराणनं जर्मनीला ४-० धुतलं ते फातोर्ड्यातच. त्याआधी २०१४ च्या जानेवारीत लुसोफोनिया खेळ झाले, पोर्तुगीज बोलणाऱ्या देशांचे, त्यांच्यासाठी स्टेडियमची बरीच दुरुस्ती झाली. कोरोनाच्या दोन सीझनला तर अख्खी आयएसएल गोव्यातच, फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोचं टिळक मैदान, तीनच ग्राउंडं, स्टँड रिकामी. मग २०२२ च्या फायनलला गेटं उघडली आणि केरळ ब्लास्टर्सच्या पब्लिकनं पिवळं करून सोडलं. घरच्या टीमची फायनल नसताना एवढी गर्दी!

टिळकवाडीचा_पोरगा
थँक्यू सगळ्यांना. मामाला विचारलं, आतच होता म्हणतोय, पण सचिननं किती केले विचारल्यावर चहा आणायला गेला. आता अजून एक, आपल्या कर्नाटकची बेंगळुरू एफसी गोव्याशी खेळायला आली की आपण कुणाच्या बाजूनं बसायचं? आमच्या चौघांत दोन-दोन झालेत.

शहापूरकर_जुना
ज्याची गाडी, त्याची टीम. आणि पावसात चोर्ल्यानं जाऊ नका, दरडी कोसळतात.