परदेशात मेसेज गेला की बॅलन्स कटतो, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आई साताऱ्याला असते आणि दादा जर्मनीत. आईचं प्रीपेड कार्ड आहे, अनलिमिटेड पॅक आहे तरी सारखा बॅलन्स कटत होता, शेवटी मी फोन घेऊन बघितलं तर दादाच्या +४९ वाल्या नंबरवर साधे एसएमएस गेलेले. व्हॉट्सअ‍ॅप आहे पण ती कॉन्टॅक्टमधून नाव दाबते आणि मेसेजेस अ‍ॅप उघडतं, नेट असलं तर आरसीएसने (म्हणजे मेसेजेस अ‍ॅपमधलं नेटवरून चालणारं चॅट) फुकट जातो आणि नेट गेलं की तोच मेसेज एसएमएस होऊन जातो, पॅकमधले एसएमएस परदेशात चालत नाहीत. त्यात मराठीत एका एसएमएसला ७० अक्षरंच बसतात (इंग्रजीत १६०), आणि आई तर सगळी खुशाली सविस्तर लिहिणार, म्हणजे एका मेसेजला तीन-चारचे पैसे. फार वाईट वाटतं हो, तिने दादाला लिहायचंच कमी केलंय.

आरसीएस चॅट्सच्या सेटिंगमध्ये आपोआप एसएमएस पाठवायचं बंद केलं तर पुरेल का? आणि फक्त आयएसडी एसएमएस कंपनीकडून बंद करून मिळतात का, बँकेचे ओटीपी मात्र यायलाच हवेत. कोणी केलं असेल तर प्लीज स्टेप सांगा, रविवारी गावी चाललोय.