सल्ला हवा : शाळेतल्या मुलांसाठी लेखन शिबिर, बजेट १८,००० (पुसद परिसर, जि. यवतमाळ)

पूसकाठ
नमस्कार मंडळी. आमचा लहानसा ट्रस्ट आहे, पुसद तालुक्यातल्या एका गावात वाचनालय चालवतो. यंदा पाचवी ते आठवीच्या मुलांसाठी लेखनाचं शिबिर घ्यायचं ठरलंय. गोष्ट, कविता, आठवण, जे सुचेल ते. निबंध नाही. दोन जिल्हा परिषद शाळा आणि शेजारचा एक बंजारा तांडा मिळून साधारण ५५ मुलं होतील. एका दात्याने १८,००० रुपये दिलेत, त्यावर एक रुपयाही मिळणार नाही. नागपूरहून कोणी लेखक बोलवावा की आपणच घ्यावं? दिवाळीच्या सुट्टीत की पुढे? सामान काय घ्यावं? ज्यांनी असं काही घेतलंय त्यांनी सांगा.

नागपुरी_संत्रं
ताई, माझ्या मुलीला उन्हाळ्यात धरमपेठेतल्या एका क्लासला टाकलं होतं. चार दिवस, साडेचार हजार फी, एसी हॉल. शेवटच्या दिवशी प्रत्येक मुलाचं रंगीत पुस्तक छापून हातात. आता तिचं ब्लर्ब वगैरे बघा, लेखिकाच वाटते. तुम्ही एक प्रोजेक्टर घेऊनच टाका, चांगला तीस-पस्तीस हजारात येतो. मुलं स्क्रीनवर बघून पटकन शिकतात.

वऱ्हाडी_ठेचा
बजेट १८ हजार अन् प्रोजेक्टर ३५ चा. संत्रंभाऊ, धागा वाचला का फक्त शीर्षक वाचलं?

वऱ्हाडी_ठेचा
आन प्रोजेक्टरचं म्हणाल तं आमच्या गावात बी आला होता. शाळेसाठी. सध्या एका पुढाऱ्याच्या घरी क्रिकेट पाह्यला वापरतेत. शाळेत त्याचा रिकामा खोका हाये, त्याच्यात खडू ठेवतेत.

गुरुजी_दारव्हा
मी निवृत्त शिक्षक. अशी शिबिरं बरीच घेतली, बरीच पाहिलीही. जे पाहिलं ते सांगतो.

लेखक बोलावला की पहिला तास स्वागतात जातो. हार, शाल, श्रीफळ, प्रास्ताविक, परिचय, मग अध्यक्षीय भाषण. पोरं सतरंजीवर मांडी घालून बसलेली, पायाला मुंग्या आलेल्या. मग पाहुणे सांगतात, ‘भरपूर वाचा.’ जेवण होतं, फोटो होतो, गाडी नागपूरला. पोरांच्या वहीत तारीख आणि विषय एवढंच. सगळे लेखक असे नसतात हे मान्य, पण तुमच्या पैशात येण्याजाण्याची गाडीच अर्धं बजेट खाईल.

दुसरं, विषय देऊ नका. ‘मी पंतप्रधान झालो तर’ दिलं की पन्नास वह्यांत एकच मजकूर येतो, तोही गाईडातला. पोराला आधी बोलतं करा. सहावीतला एक मुलगा होता, अक्षर जेमतेम लागायचं. कागद पुढे ठेवला की मान खाली. मी म्हटलं, लिहू नको, सांग, मी लिहितो. रात्री लाईन आली की बापासोबत हरभऱ्याला पाणी द्यायला कसा जातो ते सांगायला लागला. मी जसंच्या तसं उतरवलं. त्यातलं एक वाक्य : ‘मी बापाच्या मांगं चालतो अन् बॅटरी बापाच्या पायापुढं मारतो, माह्या पायापुढं नाई.’ तो कागद त्याच्याच हातात दिला आणि वर्गात वाचायला लावला. स्वतःचंच असल्यामुळे त्याला अक्षरं अडली नाहीत. पुढचं पान त्यानं स्वतः लिहिलं, अशुद्ध का होईना.

त्यासाठी माणसं लागतात, सामान नाही. आठ-दहा मुलांमागे एक लिहून घेणारा हवा. कॉलेजची मुलं घ्या, डीएड झालेली घरी बसलेली पुष्कळ आहेत. आणि घ्यायचं असेल तर शाळा सुरू असताना शनिवारी घ्या. सुट्टीत मुलं गोळा होत नाहीत.

कापूसकोंडी
गुरुजी बरोबर सांगून राह्यले. दिवाळीत नोका ठेवू. सोयाबीन निघालेलं असते अन् कापूस फुटलेला असते. घरातलं लहान-मोठं सगळं वावरात. आमच्याकडे वेचाई किलोले दहा रुपये चालते, सातवीतली पोट्टी दिवसाले वीस-पंचवीस किलो सहज वेचते. अडीचशे रुपये सोडून तुमची कविता लिवाले कोन येईन? बाप येऊ देईन का?

शाई_दौत
कागदाबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. स्वस्तातली रिम अजिबात घेऊ नका. पेन्सिलीने खोडलं की कागद फाटतो आणि मुलाचा मूड जातो. थोडा जाड, ७५ जीएसएमचा कागद घ्या, रिमला थोडे जास्त जातात पण टिकतं. मी गेल्या वर्षी अकोल्याहून दहा रिम एकदम आणल्या, घासाघीस करून रिममागे तीस रुपये सोडवले. आणि पेन्सिलच द्या, पेन नको.

ममता_वणी
पेनच द्या. पेन्सिल दिली की पोरं निम्मा वेळ खोडत बसतात आणि उरलेला वेळ टोक काढत.

शाई_दौत
ताई, पाचवीच्या मुलाला पेन देणं हा अन्याय आहे.

ममता_वणी
आणि खोडरबर देणं हा न्याय? चुकलं तर रेघ मारून पुढे जाता आलं पाहिजे.

(पुढचे सात प्रतिसाद पेन-पेन्सिलीवरचे आहेत, ते वेगळ्या धाग्यावर हलवले. – संपादक)

झाडीची_पोर
मी गडचिरोली जिल्ह्यातल्या वडसा देसाईगंजकडची. आमच्याकडे दिवाळी झाली की झाडीपट्टीची नाटकं सुरू होतात, रात्र रात्र चालतात. त्यामुळे पोरांना संवाद शिकवावा लागत नाही. भावाच्या शाळेत एकदा मुलांना एवढंच सांगितलं होतं की सासू-सुनेचं नाही, म्हैस आणि तिच्या मालकाचं भांडण लिहा. काय एकेक संवाद आले! कथा लिही म्हटलं तर अडतात, भांडण लिही म्हटलं की सुटतात. हा प्रयोग नक्की करा, खर्च शून्य.

वाचायला द्यायचं असेल तर ‘किशोर’ या मुलांच्या मासिकाचे जुने अंक बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट आहेत, थेट १९७१ पासूनचे. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी चित्रगोष्टी आहेत, त्या छापून वाटायलाही परवानगी असते. पुस्तकं विकत घेण्यात पैसे घालू नका.

नागपुरी_संत्रं
छापूनच वाटायचं तर प्रोजेक्टरवर दाखवा ना, कागद वाचेल. पर्यावरण.

शिस्तप्रिय
सगळं ठीक, पण मुलांना प्रमाण भाषेत लिहायची सवय लावा. वऱ्हाडीत लिहिलेलं स्कॉलरशिपच्या पेपरला चालत नाही. ‘माह्या’, ‘मांगं’ हे शिबिरात गोड वाटतं, पुढे मुलाखतीत मुलं मार खातात. स्वानुभव आहे, पुण्यात पहिली दोन वर्षं मी तोंड उघडलं नव्हतं.

वऱ्हाडी_ठेचा
म्हणजे तुमाले लोक हासले म्हणून आता आमच्या पोट्ट्याईनं बी तोंड उघडाचं नाई.

गुरुजी_दारव्हा
शिस्तप्रिय, परीक्षेची भाषा शाळा शिकवतेच, वर्षभर शिकवते. हे चार-सहा दिवस तरी मुलाला घरच्या बोलीत लिहू द्यावं. आधी लिहिणं येऊ द्या, मग शुद्धलेखन. उलट केलं की दोन्ही येत नाही.

उंबरठा
हिशेबाचं सांगते, मी एका संस्थेचे हिशेब बघते. दात्याला ८०जीची (आयकर सवलतीची) पावती हवी असेल तर तुमच्या ट्रस्टची ती नोंदणी चालू आहे ना हे आधी पाहा. नाश्त्याचं, झेरॉक्सचं, मानधनाचं प्रत्येक व्हाउचर सहीनिशी ठेवा, नाहीतर ऑडिटला चहावाल्यामागे फिरावं लागतं. मुलांचे फोटो फेसबुकवर टाकणार असाल तर पालकांची लेखी संमती घ्या. आणि मुलांजवळ कधीही एकच मोठं माणूस नको, दोघं हवीत, त्यातली एक बाई. शाळेत घ्यायचं तर मुख्याध्यापकांना आणि शाळा व्यवस्थापन समितीला पत्र द्या, केंद्रप्रमुखांच्या कानावर घाला.

शनिवार_सकाळ
दिवाळीत ठेवू नका. आमच्याकडे ‘आनंददायी शनिवार’ असतो, दप्तर नसतं, त्यातच बसवा. जानेवारीचे चार शनिवार. हवा थंड, परीक्षा लांब, मुलं आयती हजर. खिचडी शाळेतच मिळते, तुमचा नाश्त्याचा खर्च वाचला. वर कोणी सांगितलं नसेल म्हणून सांगतो.

वऱ्हाडी_ठेचा
वर दोघाईनं सांगितलं.

महागाव_फाटा
जानेवारीत तांड्यावरची पोरं कुठं असतात, विचारलं का कोणी?

पूसकाठ
सर्वांचे आभार. लेखकाचा विचार सोडला. गुरुजी, सांगून लिहून घेण्याची कल्पना फार आवडली. एक शंका : दिवसा वेचणी असते हे खरं, मग सुट्टीतच पण संध्याकाळी घेतलं तर? सात ते साडेआठ?

पांढरकवडा_रोड
संध्याकाळी अजिबात नको. आम्ही टिपेश्वर अभयारण्याच्या कडेला राहतो. २०१८ मध्ये राळेगावकडे वाघीण होती तेव्हा झाकट पडल्यावर माणूस संडासलाही एकटा जात नव्हता. नोव्हेंबरात तिला मारली, तरी भीती गेली नाही. आजही आमच्या शिवारात पगमार्क दिसतात. लेकरं अंधारात कशी आणाल?

वऱ्हाडी_ठेचा
पुसदले कुठचा वाघ?

पांढरकवडा_रोड
वाघ काय तालुका बघून येतो का? आणि बिबट्या तर कुठंही असतो.

रानडुक्कर_पीडित
वाघ परवडला. आमच्या पऱ्हाटीत रोज रात्री डुकरं शिरतात, अर्धा एकर लोळवलं. पंचनाम्याला माणूस यायला आठवडा. कोणाला सोलर कुंपणाचा अनुभव आहे का? कोणतं घ्यावं?

कापूसकोंडी
घेतलं हाये. बॅटरीची वॉरंटी लेखी घ्या. बाकी इनबॉक्स करा.

ममता_वणी
संध्याकाळी मीही नाही म्हणेन, वाघामुळे नाही. सात वाजता मुली चुलीपुढे असतात. समाजमंदिराच्या ओट्यावर त्या वेळी कोण बसलेलं असतं ते सगळ्यांना माहीत आहे. आणि लाईटचा भरवसा नाही. मुलगेच येतील, मुली गळतील.

शनिवार_सकाळ
शनिवार. जानेवारी. बाकी तुमची मर्जी.

गुरुजी_दारव्हा
ताई, या एका बाबतीत सगळे म्हणतात ते ऐका. शाळेच्या वेळेत घ्या. एसटीचा पास शाळेच्या मार्गाचा असतो, मुली त्यावर ये-जा करतात. सुट्टीत तोही कामाचा नाही.

पूसकाठ
ठरलं. तुमच्यापैकी बहुतेकांच्या विरुद्ध ठरलंय, त्यामुळे कारण लिहिते.

महागाव_फाटा यांचा प्रश्न डोक्यात राहिला म्हणून तांड्यावर जाऊन नायकांशी, म्हणजे तिथल्या प्रमुखांशी बोलले. त्यांच्याकडच्या टोळ्या भाऊबीज झाली की ऊसतोडीला निघतात, सांगली-कोल्हापूरकडे आणि काही कर्नाटकात. परत येणार गुढीपाडव्याच्या आसपास. मुलं बहुतेक सोबतच जातात, मागे राहिली तर आजीजवळ. म्हणजे जानेवारीतले चार शनिवार घेतले की यादीतल्या ५५ पैकी १९ मुलं आपोआप कटली. ज्यांना वर्षातले पाच महिने शाळाच नाही, त्यांनाच वगळून शिबिर घ्यायचं असेल तर मला त्यात रस नाही.

म्हणून सुट्टी लागली की लगेच, धनतेरसच्या आधी, सहा संध्याकाळी. सगळ्यांना एका ठिकाणी आणायचं नाही. दोन्ही गावांत आणि तांड्यावर तिथल्या तिथे तीन गट, कोणी शिवार ओलांडणार नाही, त्यामुळे वाघ आणि एसटी दोन्ही मिटले. ममताताई, तुमचं म्हणणं पटलं. समाजमंदिर रद्द. ज्या घरी अंगण मोठं आहे आणि घरची बाई हो म्हणते तिथे बसायचं. वेळ साडेसात, भाकरी होऊन जाते तोवर. तरी तीन-चार मुली येणार नाहीत हे धरूनच चालले आहे, त्यांच्यासाठी वही घरी पाठवीन.

खर्च : १०० पानी वह्या ५५, तीस रुपयांप्रमाणे १,६५०. नाश्ता (चिवडा, फुटाणे, एक दिवस आलुबोंडे) माणशी वीस रुपये धरून सहा दिवसांचे ६,६००. चार्जिंगचे दिवे २,०००. झेरॉक्स आणि शेवटी हस्तलिखिताच्या प्रती ३,०००. उरलेल्या ४,७५० मध्ये डीएड झालेल्या दोन मुली, मानधन सांगितल्यावर त्यांनी आधी विश्वासच ठेवला नाही. पेन की पेन्सिल, दोन्ही ठेवतेय, हवं ते उचलावं. प्रोजेक्टर नाही.

नागपुरी_संत्रं
माझ्याकडे जुना पडून आहे, बल्ब बदलावा लागेल. दहा हजारात देतो.

शिस्तप्रिय
मग तांड्यावरची मुलं लिहिणार कोणत्या भाषेत?

पूसकाठ
तेच अडलंय. घरात गोरमाटी (बंजारा बोली), शाळेत मराठी. बोलतील गोरमाटीत आणि आमच्यापैकी एकीलाही ती येत नाही. गोरमाटी ऐकून देवनागरीत भरभर उतरवू शकेल असं कोणी पुसद-दिग्रसकडचं आहे का? मानधन गाठीला उरलेलं नाही, पेट्रोल देईन.

महागाव_फाटा
मी येतो. तांड्यातलाच आहे, पुसदला कॉलेजात क्लार्क. दिवाळीला आमच्या मुली दिवे घेऊन घरोघरी मेरा मागतात, तेव्हाची गाणी आईला येतात, पोरींना अर्धीमुर्धीच. पहिल्या संध्याकाळी त्यांना तीच आईकडून विचारून आणायला सांगा, मी लिहून घेतो. पेट्रोल नको. आलुबोंड्याचा दिवस कोणता ते मात्र आधी कळवा.