उत्तर: कुवेतचे बेपत्ता बंदिवान

इराकमधली सद्दाम हुसेनची राजवट कोसळल्यावर कुवेती बंदिवानांचा प्रश्न संपला, असं या चर्चेत कुणीतरी म्हटलंय. नाही हो, संपला नाही. १९९०-९१ मध्ये कुवेतवर कब्जा केलेल्या इराकी सैन्याने पकडून नेलेल्या आणि न परतलेल्या ६०५ जणांची यादी होती. त्यात बहुतेक साधे नागरिक, काही परदेशीही. २००३ मध्ये इराकचे तुरुंग उघडले तेव्हा यांच्यातलं जिवंत कुणीच सापडलं नाही. सापडल्या त्या सामूहिक कबरी.

इथे कुणी लिहिलं नाही म्हणून सांगते. २०१९ मध्ये, म्हणजे जवळजवळ तीस वर्षांनी, दक्षिण इराकमधल्या समावा शहराजवळच्या वाळवंटात आणखी अवशेष मिळाले. नातेवाइकांच्या नमुन्यांशी डीएनए जुळवून ओळख पटवावी लागली. इतकी वर्षं वाट पाहिलेल्या आईच्या नमुन्याशी तिच्या लेकाचं हाड ताडून बघायचं! आणि कित्येक घरांत अजून तेवढंही पोचलेलं नाही.